ब्रेक ऑइल गेलं कुठे?

हौशी: काका, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला? लाल दिवा लागला, बॉनेट उघडून पाहिलं, डबीतलं ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्या जरासं खाली होतं. नाक्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात डॉट-4 ची बाटली दोन-तीनशे रुपयांत मिळते. झाकण उघडायचं, वरच्या रेघेपर्यंत भरायचं, दिवा विझला की विषय संपला. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, क्लच नाही, प्लग नाहीत, दर वर्षी बदलायचं इंजिन ऑइल नाही. मालकाने स्वतःच्या हाताने करावीत अशी जी दोन-चार कामं उरली आहेत, त्यातलं हे एक. तर त्यालाही तुम्ही ‘थांब’ म्हणता.

साशंक: थांब म्हणतो, कारण तुला दिवा विझवायचाय आणि मला ऑइल कुठे गेलं ते विचारायचंय. इंजिन ऑइल जळतं, कूलंटची वाफ होते. ब्रेक ऑइल यातलं काही करत नाही. मास्टर सिलिंडरपासून चार चाकांपर्यंत ते नळ्यांत कोंडलेलं असतं आणि पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतं, बस. ते कमी व्हायला दोनच वाटा आहेत. एक म्हणजे पॅडची झीज. पॅड झिजतो तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागे वाढलेली जागा डबीतल्या ऑइलने भरून निघते. म्हणजे ऑइल गाडीतच असतं, फक्त डबीतून चाकाशी गेलेलं. दुसरी वाट गळतीची. दोन्ही वेळा डबीतली पातळी खाली जाते आणि दिवा तोच लागतो. झीज असेल तर बाटलीची गरजच नाही. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की ऑइल आपोआप वर येतं, आणि तू मधेच भरून ठेवलं असशील तर डबीबाहेर सांडून बॉनेटखालचा रंग खातं. गळती असेल तर बाटलीचा उपयोग नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तुझी बाटली नेमकी कोणत्या दुखण्यावर?

हौशी: झिजेवर. तीन वर्षं होत आली गाडीला. रोज मीरा रोड ते अंधेरी, दहिसरचा खोळंबा, काशिमिऱ्याचा सिग्नल. एवढ्या थांबाथांबीत पॅड झिजणार नाहीत तर काय?

साशंक: पेट्रोलची गाडी असती तर मी मान डोलावली असती. पण गेल्याच महिन्यात लिफ्टमध्ये तू मला काय ऐकवत होतास? रीजन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपसूक हळू होते, अख्ख्या हायवेवर ब्रेकला पाय लागत नाही. खरंच आहे ते. मोटर उलटी जनरेटर होते, वेगाची वीज होऊन बॅटरीत जाते, पॅड डिस्कला टेकतही नाहीत. विजेच्या गाड्यांचे पॅड म्हणूनच वर्षानुवर्षं टिकतात. मग झीज कुठली आणि ऑइल कुठलं? साध्या गाडीत पातळी हळूहळू खाली गेली तर ती बहुधा पॅडची बातमी असते. तुझ्या गाडीत पॅड झिजतच नाहीत, म्हणून पातळी खाली गेली की पहिला संशय गळतीचा. लोक नेमकं उलटं धरून चालतात. गाडी नवी, विजेवरची, तिच्यात काय गळणार!

हौशी: तुम्ही एकदम टोकाला जाता. मधल्या शक्यता आहेत की. डबीत एक तरंगता गोळा असतो, तो खाली बसला की आतला स्विच दिवा लावतो. हा गोळा अडकू शकतो. त्याच्या कनेक्टरला ओल लागू शकते, आणि आपल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये जुलैत काय परिस्थिती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडी रॅम्पवर तिरकी उभी असेल तर ऑइल एका बाजूला जातं. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर दिवा लागून विझतो, तेव्हा नुसती सीमेवरची पातळी असते. हँडब्रेक पूर्ण सुटला नसेल तरी बऱ्याच गाड्यांत हाच दिवा लागतो. डिलिव्हरीच्या वेळीच डबी वरच्या रेघेपर्यंत भरलेली नसेल, असंही होऊ शकतं. म्हणून मी म्हणतो, टॉपअप हीच तपासणी आहे. भरायचं, डबीवर मार्करने रेघ मारायची, बाजूला तारीख लिहायची आणि रोज सकाळी बघायचं. आठवड्याने रेघ जागेवर असेल तर प्रश्न मिटला, खाली आली तर गळती सिद्ध. न भरता नुसता संशय घेत बसण्यापेक्षा हे शास्त्रशुद्ध नाही का?

साशंक: शास्त्रशुद्ध आहे, फक्त प्रयोगातला उंदीर तू आहेस. तो आठवडाभर तू गाडी चालवणार. रेघ मारायची कल्पना चांगली, मी ती घेतो. पण भरण्याआधी चाकं बघ. गाडी सपाट जागी लाव, डबी न उघडता बाहेरूनच पातळी बघ. मग एकेका चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मार. टायरच्या आतल्या अंगावर, कॅलिपरखाली, होस पाइप जिथे लोखंडी नळीला जुळतो तिथे ओलसर, बुळबुळीत डाग दिसतो का? पाणी बोटांवर वाळतं, हे वाळत नाही. पुढे डिस्क असतात, तिथली ओल लगेच दिसते. मागे ड्रम असतील तर सगळं गुपचूप चालतं. व्हील सिलिंडरचा रबर पाझरायला लागला की ऑइल आधी ड्रमच्या आत साठतं, लायनर भिजवतं, आणि बाहेर थेंब दिसेपर्यंत त्या चाकाचा ब्रेक निम्मा गेलेला असतो. रात्री चारही चाकांखाली आणि मास्टर सिलिंडरच्या खाली पुठ्ठे ठेव. सकाळी ते तुला सांगतील. त्यानंतर पेडल. दाबून धरायचं आणि तीसपर्यंत मोजायचं. पाय सावकाश खाली जात राहिला तर रस्त्यावर काढायचीच नाही गाडी. पण पाय खाली गेला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नको. काही नव्या गाड्यांत पायाखाली लागतं ते खऱ्या ब्रेकचं दडपण नसतं, यंत्राने दिलेलं नकली दडपण असतं. आणि मास्टर सिलिंडरच्या मागचा सील गेला तर ऑइल सरळ बूस्टरमध्ये शिरतं, जमिनीवर थेंबही पडत नाही.

(वादात मधेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे वाचून कुणीतरी बॉनेट उघडणारच. इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटखाली एकसारख्या दिसणाऱ्या दोन-तीन डब्या असतात. ब्रेकची डबी बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला, काचेलगत. बाकीच्या बॅटरीच्या आणि मोटरच्या कूलंटच्या. झाकणावरची खूण वाचल्याशिवाय काहीही ओतू नका. आणि नारिंगी आवरणाच्या केबल तीनशे-चारशे व्होल्टच्या असतात, त्यांना हात लावायचं काम आपलं नाही. आता हौशीचा पुढचा मुद्दा. माझ्या मते या वादातला त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.)

हौशी: बरं, गळती आहे असं धरून चालू. तरीही तुमची भीती पन्नास वर्षं जुन्या गाडीची आहे. हल्ली मास्टर सिलिंडर दुहेरी असतो. डबीच्याही आत आडवी भिंत असते, म्हणजे एका बाजूचं ऑइल पार गेलं तरी दुसऱ्या बाजूचं राहतं आणि दोन चाकांना ब्रेक लागतोच. ही झाली कुठल्याही गाडीची गोष्ट. माझ्याकडे त्याच्याही वर रीजन आहे. ऑइलचा एक थेंब न वापरता गाडी हळू करणारी पूर्ण वेगळी व्यवस्था. पेट्रोलवाल्याचा ब्रेक गेला तर त्याच्या हातात गिअर आणि हँडब्रेक, माझ्याकडे शंभर घोड्यांची मोटर उलटी लावलेली. विजेची गाडी याबाबतीत जास्त सुरक्षित आहे, हे मान्य करायला तुम्हाला जड का जातं?

साशंक: कारण मी आयुष्यभर ब्रेकच पाहिले. एसटीच्या नव्या बसमध्ये हवेचे ब्रेक असतात. हवा गेली की स्प्रिंग सुटतात आणि बस जागच्या जागी जाम होते. ब्रेक गेला म्हणजे गाडी थांबली. तुझ्या गाडीत ब्रेक गेला म्हणजे गाडी सुटली. हा फरक विसरू नको. आता तुझं रीजन बघू. शेवटच्या चार पावलांत ते जवळपास संपतं, गाडी पूर्ण थांबवायला पॅडच लागतात. बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकांवर असतं. ओल्या रस्त्यावर चाक घसरलं आणि एबीएस जागं झालं की गाडी स्वतःच रीजन सोडून देते, कारण त्या क्षणी तिला पॅडच हवे असतात. म्हणजे पाऊस, घोडबंदर रोड, पुढे अचानक थांबलेला ट्रक, अशा नेमक्या वेळी तुझा दुसरा आधार निघून जातो. आणि बॅटरी भरलेली असेल तर रीजनला वीज ठेवायला जागाच नसते. द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक कारना टोल माफ करायचं 2025 च्या राज्याच्या धोरणात ठरलं, तेव्हापासून सोसायटीतले चौघे दर शनिवारी लोणावळ्याला. तिथे चिक्की खाताना गाडी चार्जिंगला लावायची, शंभर टक्के करायची आणि तशीच घाट उतरायची. लोणावळा ते खोपोली उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची तर अडीच युनिट वीज होईल एवढी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. थोडी हवेत, थोडी टायरमध्ये जाते. बॅटरी घेत नसेल तर उरलेली सगळी चार चाकांच्या पॅडमध्ये, उष्णता होऊन.

हौशी: ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग तोडायचं, एवढंच ना? ते तर आम्ही बॅटरीच्या आयुष्यासाठीही करतो. माहिती असलेल्या माणसाला यात धोका कुठला?

साशंक: माहिती असलेल्या माणसाला नाही. पण त्या पॅडमागे कुठलं ऑइल आहे, याची माहिती कुणाकडे असते? पातळीवरून इतका वेळ भांडलो, दर्ज्याबद्दल आपण अजून शब्द काढला नाही. डॉट-3, डॉट-4 ही ऑइलं हवेतली ओल शोषतात. झाकणातून, होस पाइपच्या रबरातूनही. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तशी आपल्या खाडीकाठच्या हवेत ही ऑइलं ओली होतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेला डॉट-4 चा किमान उत्कलनबिंदू कोऱ्या ऑइलला 230 अंश आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तोच 155 वर येतो. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल भसकन खाली जातं. ऑइल गळलेलं नसतं, डबी वरच्या रेघेपर्यंत भरलेली असते, दिवाही लागलेला नसतो. तुझा तरंगता गोळा पातळी सांगतो, पाणी सांगत नाही. तू डबीत नवं ऑइल घालशील तेव्हा कॅलिपरपाशी जुनंच राहणार, कारण ते फिरत नाही. इंजिन ऑइलसारखा पंप नाही तिथे.

हौशी: म्हणजे दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं. मॅन्युअलमध्ये मुदत लिहिलेलीच असते. किलोमीटर कितीही झालेले असोत, तारीख आली की बदला. आणि हेच मी म्हणतो. झिजेवर चालणारी देखभाल संपली, कॅलेंडरवर चालणारी सुरू झाली. कॅलेंडर सांभाळणं कॉम्प्युटरला माणसापेक्षा चांगलं जमतं. गाडी फोनवर निरोप पाठवेल, मी जाऊन बदलून आणेन. कान लावून आवाज ऐकणं, पायाने ब्रेकचा अंदाज घेणं, हे कसब होतं, मान्य. पण कोट्यवधी लोकांची सुरक्षितता अशा कसबावर ठेवायची का?

साशंक: कॅलेंडर दिवसांची मोजदाद करतं, न वापरल्याची नाही. आपल्याकडे एका अंगाला खाडी, मिठागरं, पलीकडे उत्तनचा समुद्र. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीची डिस्क सकाळी तांबूस झालेली असते. पेट्रोलवाला गेटपर्यंत दोनदा ब्रेक मारतो, गंज पुसला जातो. तू ब्रेकच मारत नाहीस. गंज वाढत जातो, कॅलिपरच्या सरकत्या पिना आखडतात, मागच्या ड्रममधला सिलिंडर महिनोन्‌महिने हलत नाही, त्याच्या आत गंजाचे खड्डे पडतात आणि ज्या दिवशी पिस्टन त्या खड्ड्यावरून सरकतो त्या दिवशी रबर कापला जातो. गळती सुरू. मला तर वाटतं तुझ्या डबीचं उत्तर मागच्या चाकात सापडेल. न वापरल्याने बिघडणारी गोष्ट तुझा फोन तुला कशी सांगणार? आठवड्यातून एकदा रीजन शून्यावर टाक, मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही ना ते बघून चार-पाच वेळा चांगले ब्रेक मार. मोकळा रस्ता मीरा रोडला पहाटे सहाला मिळतो, ही अडचण मात्र आहे.

हौशी: समजा मागच्या चाकातच निघालं. करायचं कुणी? तुम्ही म्हणणार काशिमिऱ्याचा कुठलाही जुना मेकॅनिक. मी तिथे नेणार नाही. ही गाडी उचलायलाच अक्कल लागते. पोटाखाली पूर्ण बॅटरी पसरलेली आहे. नेहमीच्या सवयीने जॅक मधे लावला, तर दोन हजारांच्या ब्रेकच्या कामात काही लाखांची बॅटरी चेपणार. शिवाय काम झाल्यावर एअर काढायची तर एबीएसच्या पंपात अडकलेली हवा नुसत्या ‘दाब, धर, सोड’ने निघतेच असं नाही, स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. विजेवर चालणारा बूस्टर असेल तर दार उघडताच तो जागा होतो, आणि कुणाची बोटं कॅलिपरमध्ये असतील तर? गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते. हे सगळं कंपनीच्या सेंटरलाच येतं.

साशंक: आणि मला ते सेंटर एवढंच सांगतं की असेंब्ली बदलावी लागेल. सिलिंडरचा रबर शंभर रुपयांचा असला तरी. जुना मेकॅनिक एअर काढायचा निपल सोडायच्या आधी त्यावर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबतो, कारण निपल तुटला तर काय होतं ते त्याने भोगलेलं असतं. ते कसब स्कॅनरमध्ये नाही. त्याच्याकडे स्कॅनर का नाही, हेही विचार. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला होता. मग अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याच्या हातात मात्र अजून तोच पाना आहे. तू त्याला अडाणी म्हणतोस, पण त्याला शिकण्याची वाट बंद कुणी केली?

हौशी: ते अन्यायाचं झालं, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण त्याच्यावर अन्याय झालाय म्हणून मी माझ्या मुलांना त्याच्या अंदाजावर दुरुस्त झालेल्या ब्रेकवर बसवू? हक्क त्याला मिळावा, पण तो मिळेपर्यंत माझी गाडी शिकवणीला देता येणार नाही.

साशंक: आणि सेंटरच्या पोराने फक्त पडद्यावर हिरवी खूण बघून ड्रम न उघडताच गाडी परत दिली, तर त्या ब्रेकवर बसवशील? मला दोन्ही माणसं एका जागी हवीत, आणि ती जागा मला आपल्या शहरात अजून दिसलेली नाही.

हौशी: मग तोपर्यंत माझ्यासारख्याने काय करायचं? गाडी अंगणात उभी ठेवायची?

साशंक: आज उभीच ठेव. बाटली आण, माझी हरकत नाही. झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच आण, सीलबंद, लहानात लहान. उघडून महिनोन्‌महिने कपाटात ठेवलेली वापरायची नाही. डॉट-5 आणू नको, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. दुसऱ्या कुठल्या तेलाचा थेंबही नको, सगळे रबर फुगतात. भरण्याआधी झाकणाभोवतीची धूळ पूस. पण हे सगळं पुठ्ठे बघून झाल्यावर. सगळे कोरडे, टायर आतून कोरडे, पेडल घट्ट, पॅड खरंच झिजलेले किंवा गोळ्याचा कनेक्टर ओला, तर खालच्या रेघेच्या जरा वर येईल एवढंच भर, तारीख लिही आणि सावकाश सेंटरला जा. तिथे मागचे ड्रम माझ्यासमोर उघडा म्हण, उघडेपर्यंत हलू नको. एकही डाग दिसला, किंवा सगळं कोरडं असून ऑइल कुठे गेलं हे कळलंच नाही, तर भरूनही चालवायची नाही. टो करून पाठव. आणि टोइंगवाल्याला फोनवरच सांग, चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी पाठव. पुढची चाकं रस्त्यावर फिरत नेली तर मोटर वाटभर वीज तयार करत राहते, आणि ब्रेकचं काम करायला निघालेली गाडी मोटरचं बिल घेऊन परत येते.